उन्हाची सवय आहे म्हणून कार्बनचं बिल माफ होत नाही

'कार्बन डायऑक्साइडमुळे देशाचं नुकसान होतं हे परदेशी थोतांड आहे. झालंच तर ते थंड देशांचं, आपल्याला उन्हाची सवय आहे. हा वायू तर झाडांचं अन्न. आणि एक किलो कोळशातून दीड किलो वायू निघतो म्हणणाऱ्यांनी आधी वजनकाटा घ्यावा.' हा मेसेज आता आमच्या काकांनीही घरच्या ग्रुपवर टाकलाय, आणि त्यांना तो पटलाय. म्हणून हे उत्तर.

वजनकाट्याचं आधी. ऑक्सिजन कोळशातून नाही, हवेतून येतो. १२ वजनाच्या कार्बनला १६-१६ चे दोन ऑक्सिजन जोडले की ४४ होतात. आपल्या राखाळ कोळशात कार्बन साधारण ४० टक्के धरा. ०.४ ला ४४ ने गुणा, १२ ने भागा. दीडच्या जवळच येतं. हे शाळेतलं रसायनशास्त्र आहे! कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो वायू सुटतो. नागपूरजवळचं कोराडी वीज केंद्र असो की खापरखेडा, ईएसपी हे धूर गाळणारं यंत्र राख पकडतं. एफजीडी हे धूर धुणारं यंत्र बसवलं, तर ते गंधकाचा वायू पकडतं. कार्बन डायऑक्साइड सरळ चिमणीतून वर जातो.

आता 'थंड देशांचं नुकसान'. खरं नेमकं उलटं आहे. कॅथरीन रिक या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'नेचर क्लायमेट चेंज' या संशोधनपत्रिकेत देशवार हिशेब मांडला. जगात कुठेही एक टन वायू सुटला, की त्यातून भारताचं होणारं नुकसान मध्यम अंदाजाने ८६ डॉलर, सगळ्या देशांत सर्वाधिक. अमेरिकेचं ४८. रशिया, कॅनडासारख्या थंड देशांना तर त्यात फायदा दिसतो. कारण असं की वार्षिक सरासरी तापमान १३ अंशांच्या आसपास असलं की अर्थव्यवस्थेची उत्पादकता सर्वांत चांगली असते आणि त्यापुढचा प्रत्येक अंश आधीच्यापेक्षा जास्त महाग पडतो. आमच्या नागपूरची सरासरी २७ च्या आसपास आहे.

एक टन वायू म्हणजे कोळशाची हजार युनिट वीज. तेव्हाच्या साधारण ७० रुपये दराने ८६ डॉलरचे सहा हजार, म्हणजे युनिटमागे सहा रुपये. बिलात न दिसणारे, पुढच्या कित्येक वर्षांत फिटणारे. अंदाज ४९ ते १५७ डॉलर असा पसरट आहे, पण ४९ धरले तरी साडेतीन रुपये होतात.

सवयीचं म्हणाल, तर मे महिन्यात कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. जूनमध्ये दमटपणा वाढला की पॅडवरचं पाणी उडत नाही आणि तोच कूलर नुसता पंखा होतो. मग दीडशे-दोनशे वॅटच्या जागी दीड किलोवॅटचा एसी.

झाडांचं अन्न हे अर्धं खरं, ते मान्य करतो. कापूस, सोयाबीन, संत्र्याला जास्त वायूचा फायदा होतो. ज्वारीला जवळपास नाही. पण संत्र्याच्या आंबिया बहराची गोटीएवढी फळं एप्रिल-मेच्या उन्हात गळतात, जास्तीचा वायू मिळाला तरी ती झाडावर टिकत नाहीत.

२०२४ च्या मेमध्ये नागपुरात नोंदले गेलेले ५६ अंश खोटे होते, हेही मान्य. तो सेन्सर बिघडलेला होता. नागपूरचे २३ मे २०१३ चे ४७.९ मात्र अधिकृत नोंदीतले आहेत.

पश्चिमेने आपल्यापेक्षा कितीतरी जास्त धूर सोडला, हा मेसेजमधला राग रास्तच आहे. तिथल्या टनाचेही ८६ डॉलर आपल्यालाच भरायचे आहेत. पण नुकसानच होत नाही म्हटलं, तर त्यांच्याकडे भरपाई मागायची कशाची?