आकाशातल्या उजेडाची साधी नोंद घ्यायला काय जातं?

"काका, पिऊन आलात काय?" तक्रार सांगायला आलेल्या म्हाताऱ्या तांडेलाला, बोटीच्या म्होरक्याला, पोलीस ठाण्यात असं विचारतात? लाज वाटायला हवी!

गेल्या आठवड्यात समुद्रावर नारिंगी उजेड दिसला. अख्ख्या बंदराने पाहिला. मध्येच विझल्यासारखा व्हायचा, पुन्हा पेटायचा. वारा उत्तरेचा आणि हा सरकत चालला उत्तरेलाच, वाऱ्याच्या विरुद्ध. ज्याची हयात वारा नि तारे बघण्यात गेली तो माणूस हे सांगायला गेला. किती वाजता, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती वर, किती वेळ? एक प्रश्न नाही. कागदाला पेन लावलं नाही. निकाल मात्र तयार: "उडता कंदील असेल, नाहीतर एलईडीवाल्यांची बोट."

एलईडीची बोट? दिव्यांच्या झोताने मासे खेचणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राची बंदी २०१७ पासून आहे. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे समोर बेकायदा धंदा चालला होता, तर गस्तीची बोट का नाही काढलीत? आणि एलईडीचा पांढरा झोत पाण्यावर कसा पसरतो ते आम्हाला शिकवू नका. त्यानेच आमची मासळी संपवलीय.

१९९३ ला रायगडच्या शेखाडीत आरडीएक्स उतरलं, २००८ ला मुंबईवर हल्लेखोर समुद्रातून आले. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत ऐकतोय, मच्छीमार म्हणजे किनाऱ्याचे डोळे आणि कान. मग डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं की आम्ही बेवडे?

परग्रहावरून कोणी आलं असं आमच्यातलं कुणीही म्हणत नाही. उपग्रह असेल, रॉकेटचा तुकडा असेल. पण बघितल्याशिवाय कळणार कसं? अमेरिकेच्या हवाई दलाने १९६९ पर्यंत आकाशात दिसलेल्या अनोळखी गोष्टींच्या १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही, आणि तसं सरळ लिहून ठेवलं. फ्रान्सची अंतराळ संस्था १९७७ पासून हेच काम करतेय, फाइली लोकांसाठी खुल्या आहेत. आपल्याकडे २ एप्रिल २०२२ ला आकाशात जळते पट्टे दिसले, तेव्हा चंद्रपूरकडच्या लाडबोरीत धातूची भलीमोठी रिंग पडली म्हणून तपास झाला. चिनी रॉकेट निघालं. म्हणजे आमच्या कौलांवर काही कोसळेपर्यंत थांबायचं?

सोमवारी लेखी अर्ज देतोय. पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी वेळ आणि दिशा लिहून रविवारी संध्याकाळी जेटीवर सह्या करायला या.