‘स्टर्लिंग’ लिहिलंय म्हणून बिल्ला अस्सल होत नाही

सध्या एक सल्ला फिरतोय. अमेरिकी वैमानिकाच्या तीन इंची ‘विंग्ज’च्या (पंखांच्या आकाराचा, छातीवर लावायचा बिल्ला) पाठीवर ‘स्टर्लिंग’ असेल तर त्या दुसऱ्या महायुद्धातल्याच. मागे टोचणीऐवजी क्लच (खिळ्यांवर दाबून बसवायच्या टोप्या) असेल तर नकली. विकण्याआधी घासून चकचकीत करा.

स्टर्लिंग म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी, एवढंच. तो शिक्का युद्धाआधीही होता, नंतरही आहे. शिवाय अस्सल नगावरून साचा काढला की शिक्काही आयताच उमटतो. म्हणून आधी पिसं बघा, दहापट भिंगातून. ठशाने दाबलेल्या बिल्ल्यात रेषा धारदार आणि मधली जागा नितळ असते. ओतीव नकलेत बारीक छिद्रं, बोथट रेषा, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा किंचित आखूड भरते. तुलना मात्र त्याच निर्मात्याच्या खात्रीच्या नगाशी हवी.

चांदीबद्दलच शंका असेल तर ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या. कोरडं वजन लिहून ठेवा. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, नग दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आता दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. २० ग्रॅमचा नग १.९३ दाखवत असेल तर उत्तर १०.३६, म्हणजे स्टर्लिंग. पितळ साधारण ८.५, जस्ताची ओतीव नक्कल ६.७च्या आसपास. टोचणी वेगळ्या धातूची असेल किंवा बुडबुडा चिकटला असेल तर उत्तर थोडं खाली येतं.

जुन्याच ठशांवर, खऱ्या चांदीत नंतर काढलेले नग या दोन्ही कसोट्या सहज पार करतात. तिथे पाठ बघायची: टोचणीचा सांधा, ती अडकवायचा आकडा, डाग देऊन (धातू वितळवून) केलेल्या जोडाच्या खुणा आणि झीज. झीज उंचवट्यांवर हवी, खाचांत नाही.

क्लचचा दावा सरळ चूक आहे. युद्धकाळातल्या अस्सल विंग्जवरही क्लच सापडतात. ढालीवरचा तारा (सीनियर पायलट) किंवा ग्लायडर वैमानिकाचं ‘जी’ अक्षर जास्त तपासा, कारण साध्या विंग्जवर ते चिकटवून भाव वाढवतात. बाकी बिल्ला काळवंडलेला आणि जोडाचा डाग तेवढा ताजा, की हात आवरा.

घासायचं तर अजिबात नाही. खाचांतला काळेपणा बरेचदा निर्मात्यानेच दिलेला असतो, आणि पॉलिशने पिसांच्या कडाही जातात. फार तर कोरडं मऊ कापड.

भाव बघताना मागितलेली किंमत धरू नका, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली धरा. पाठीवर नाव कोरलेलं असेल आणि सोबत त्याच माणसाची कागदपत्रं असतील तरच त्या नावाचे पैसे मोजा. नाव आजही कोरता येतं.