थंडीत उंदरांची पैदास बंद ठेवायची गरज नाही

दिवाळी सरली की कोकणात पांढरे उंदीर पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो चौघांकडून आला. मजकूर थोडक्यात असा : थंडीत उंदीर पिल्लं देत नाहीत, दिली तर खाऊन टाकतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी नर-मादी वेगळे ठेवा. पैदास चालूच ठेवायची असेल तर शंभर वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर लावा, जागा चारी बाजूंनी प्लास्टिकने बंद करा, गूळ-बाजरीसारखं उष्ण खाणं द्या, एका टबात जास्त उंदीर ठेवा म्हणजे ऊब राहील. सकाळी थंडगार सापडलेली पिल्लं मेलेली समजून काढून टाका.

मी दापोलीत राहतो. माझ्याकडे दोन बॉल पायथन (आफ्रिकेतले छोटे अजगर) आहेत, रीतसर नोंदणी केलेले. (आपल्याकडचा धामण, नाग वगैरे कुठलाही साप पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.) त्यांच्या खाद्यासाठी सात वर्षं उंदीर पाळतोय आणि एकाही हिवाळ्यात पैदास थांबवलेली नाही. म्हणून हे लिहितोय. हा मेसेज वाचून नवीन मुलं जे करतात, त्यात जनावरांचे हाल होतात.

पहिला मुद्दा थंडीचाच. थंडीने उंदरांची वीण बंद पडत नाही. ब्रिटनमध्ये मांस साठवायच्या शीतगृहांत, शून्याखालच्या तापमानात, उंदीर पिढ्यान्पिढ्या वाढत असल्याचं 1940च्या दशकातच नोंदवलं गेलं. पुढे प्राणिशास्त्रज्ञ एस. ए. बार्नेट यांनी प्रयोगशाळेत उणे 3 अंशांत उंदरांच्या अनेक पिढ्या वाढवल्या. पिल्लं जास्त दगावली, वाढ सावकाश झाली, पण वीण थांबली नाही. आता आपल्याकडे बघा. जानेवारीत रत्नागिरीला रात्रीचा पारा सरासरी 18-19 अंश असतो. दापोलीच्या माळावर एखाद्या पहाटे तो 10च्या आसपास येतो, तेवढीच काय ती थंडी. उंदराला सर्वांत आरामशीर वाटतं ते 30 अंशांच्या आसपास, हे खरं. तरी जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांना 20 ते 26 अंशांत ठेवतात आणि तिथे ते भरपूर वितात. बाकीची ऊब ते घरट्यातून मिळवतात. सगळी गोम या घरट्यात आहे आणि मेसेजमध्ये घरट्याचं नावही नाही.

मागच्या जानेवारीत पहाटे पाचला बॅटरी घेऊन टब बघायला गेलो. पडवीत 11 अंश होते. टबात एक अर्धी करवंटी पालथी घातलेली, कडेला दोन बोटं जातील एवढं भोक पाडलेलं. मादीने ते भोक आतून कागदाच्या चिंध्यांनी गच्च बुजवलं होतं. बोटाने चिंधी सरकवली तर आतून ऊब बोटाला लागली. आत नऊ गुलाबी पिल्लं, प्रत्येकाच्या पोटात दुधाचा पांढरा ठिपका कातडीतून दिसत होता. मी चिंधी परत लावली आणि निघालो. त्या टबाला ना बल्ब होता, ना प्लास्टिक.

घरट्याला दोन मुठी कागदाच्या चिंध्या किंवा उन्हात कडकडीत वाळवून बारीक तोडलेला भाताचा पेंढा पुरतो. सोडणाचे (नारळाच्या सालीचे) लांब धागे आणि कापूस नको, पिल्लांच्या पायाला गुंडाळले की पाय काळे पडतात. टब कोब्यावर किंवा चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी फळी घाला. आणि टबात अंथरलेला भुसा कोरडा हवा. इथे कोकणातली एक खास अडचण आहे : पहाटे 12, दुपारी 32. अर्धी रिकामी निप्पलची बाटली दुपारी तापली की आतली हवा फुगते आणि पाणी ठिबकतं. भुसा दुपारी ओला होतो, त्याचा फटका पहाटे बसतो. मी रोज संध्याकाळी बाटली काठोकाठ भरतो आणि ओला भुसा तेव्हाच काढतो. माझ्या अनुभवात पिल्लं दगावतात ती नुसत्या गारठ्यापेक्षा या ओलीने जास्त.

चार महिने बंद ठेवण्याचा हिशेब कुणी मांडत नाही. मादीचे गर्भाचे दिवस 19 ते 21. व्याल्यावर 24 तासांच्या आत ती पुन्हा माजावर येते. चार महिन्यांत सहज चार वेतं होतात, आणि तिची पैदाशीची उमेद जेमतेम आठ-दहा महिन्यांची. म्हणजे जवळजवळ अर्धं आयुष्य वाया. अंगावर पिल्लं पीत असताना पुढचा गर्भ काही दिवस लांबतो, हेही लक्षात घ्या. वेत आठवडाभर उशिरा आलं की लोक थंडीला दोष देतात. ते निसर्गाचंच आहे.

बल्बचं तर मला मनापासून वाईट वाटतं. पांढऱ्या उंदराचे डोळे लाल, झगझगीत उजेड त्याला सोसत नाही. त्यातून हा रात्री वावरणारा प्राणी. सतत उजेडात माद्यांचं माजाचं चक्र विस्कटतं. मी बल्बवाला एक टब पाहिलाय. मादी पिल्लं तोंडात धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत होती, घरटं मोडलेलं, बाटली रिकामी. दोन दिवसांनी पिल्लं नव्हती. अशी बेचैन, तहानलेली मादी पिल्लं खाते. कधी आधीच मेलेलं पिल्लू खाऊन घरटं साफ करते, आणि ‘थंडीमुळे खाल्लं’ असं पुढे पसरतं. दिवसा 12 ते 14 तास साधा उजेड, रात्री अंधार, बस्स.

प्लास्टिकने बंद केलेल्या जागेत मुताचा अमोनिया कोंडतो. आपले डोळे चुरचुरले तर जमिनीलगत नाक असलेल्या उंदराचं काय होत असेल? शिंका, घरघर, मग छातीचा आजार. वारा येतो त्या एका बाजूला गोणपाट सोडा, वरची जाळी मोकळी ठेवा.

खाण्यात गुळाने काही साधत नाही. थंडीत उंदीर जास्त खातो, म्हणून खाणं कायम समोर हवं आणि दूध देणाऱ्या मादीला प्रथिनं हवीत, खाद्यात निदान 18 टक्के. बाजरी, गहू, भिजवलेले हरभरे चालतात. सुका जवळा द्यायचा तर मीठ जाईपर्यंत धुऊन वाळवून. बुरशी आलेला शेंगदाणा कधीच नको.

गर्दीने ऊब येते हे अर्धंच खरं. एक नर आणि दोन-तीन माद्या एका टबात असल्या की माद्या एकत्र घरटं करतात, एकमेकींच्या पिल्लांनाही पाजतात. त्याहून जास्त भरलेत तर चेंगराचेंगरी, आणि दोन मोठे नर असतील तर रक्तबंबाळ. मध्येच नवा नरही टाकू नका, नुकत्याच गाभण राहिलेल्या मादीचा गर्भ त्याच्या वासानेच जाऊ शकतो.

राहिली थंडगार पिल्लं. ती लगेच टाकू नका. दोन-तीन दिवसांचं पिल्लू गारठून दगडासारखं निपचित पडतं, श्वासही दिसत नाही, तरी बरेचदा त्यात जीव असतो. घरट्याबाहेर पडलेलं असं एक मी या डिसेंबरात तळहातावर घेतलं, दुसरा हात वर झाकला आणि ओट्यावर बसून राहिलो. करड्या अंगावर हळूहळू लाली आली, मग एक पाय हलला. वीसेक मिनिटांनी त्याने तोंड उघडलं, तेव्हा ते करवंटीत आईपाशी ठेवलं. संध्याकाळी बघितलं तर त्याच्याही पोटात दुधाचा ठिपका होता.