पालिका बुडाली, पण मतदान ठरल्या दिवशी झालं

जानेवारी 2026 मध्ये पुण्यात महापालिकेची निवडणूक झाली तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो वाद पेटलाय तो अजून विझत नाहीये. एक पार्टी म्हणते मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं नगरसेवक नव्हते, नुसता प्रशासक होता, कुणाचं काय अडलं? उलट नगरसेवकांची कमिशनची टक्केवारी वाचली, कामं पटापट झाली, नगरसेवक हवेत कशाला. दुसरी पार्टी म्हणते बाबांनो ड्रेनेज तुंबलं तर आयएएस अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये जाऊन बसणार का तुम्ही. आणि मग हमखास कोणीतरी मला टॅग करतं, तुमच्या इंग्लंडात असलं चालतं का रे?

चालतं की! मी राहतो त्या स्लावमध्येच चालू आहे, आणि ग्रुपवर एवढं टाइप करत बसण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो.

स्लाव म्हणजे लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाच्या पलीकडे, विंडसर कॅसलच्या समोर असलेलं गाव. 2021 च्या जनगणनेत 1,58,500 लोकसंख्या, त्यातले जवळजवळ 47 टक्के आशियाई वंशाचे. आयटीवाले मराठी लोकही इथे भरपूर. बाकी इंग्लंड या गावाची टिंगलच करतं, पण इतिहास भारी आहे. युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल 1786 पासून मरेपर्यंत इथेच राहिला, त्याची ती 40 फुटी दुर्बीण इथेच होती. आपण लहानपणी आजारी पडलो की जे हॉर्लिक्स प्यायचो त्याचा इंग्लंडातला मोठा कारखाना 1908 ला इथे उभा राहिला (आता तिथे फ्लॅट झालेत, आणखी काय होणार). मार्स बार पहिल्यांदा 1932 ला इथेच बनला.

पण या गावाच्या इतिहासात मला एक गोष्ट परत परत दिसते, ती म्हणजे गावाचं काय करायचं हे कायम बाहेरच्या कोणीतरी ठरवलंय. 1830 च्या दशकात ग्रेट वेस्टर्न रेल्वे आली तेव्हा शेजारच्या ईटन कॉलेजने (ही बड्या घरच्या मुलांची बोर्डिंग शाळा) पोरं बिघडतील म्हणून कायद्यातच घालून घेतलं की आमच्या तीन मैलांच्या आत स्टेशन बांधायचं नाही. रेल्वेवाले पण बेरकी, स्टेशन बांधायला बंदी आहे ना, गाडी थांबवायला थोडीच आहे असं म्हणून त्यांनी 1838 ला स्टेशनशिवायच गाड्या थांबवायला सुरुवात केली, कॉलेज कोर्टात गेलं, हरलं, आणि 1840 ला स्टेशन झालं. 1842 ला राणी व्हिक्टोरियाने आयुष्यातला पहिला रेल्वे प्रवास केला तो याच स्टेशनातून. मग पहिल्या महायुद्धाच्या शेवटी सरकारने इथली शेतजमीन लष्करी गाड्या दुरुस्त करायला घेतली, 1920 ला ती सगळी जागा गाड्यांसकट एका कंपनीला विकून टाकली, आणि त्यातून स्लाव ट्रेडिंग इस्टेट उभी राहिली. आज तिथे डेटा सेंटर्सची रांग लागलीय.

कारभाराचंही तेच. गाव मुळात बकिंगहॅमशायर काउंटीतलं, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. 1938 ला बरो झालं, म्हणजे शहराचा दर्जा मिळाल्यासारखं, आणि 1 एप्रिल 1974 ला लोक सकाळी उठले तर शेजारच्या बर्कशायर काउंटीत होते. मग 1998 ला बर्कशायर काउंटी कौन्सिलच बरखास्त झाली आणि शाळा, रस्ते, म्हाताऱ्यांची काळजी, कचरा सगळं स्लावच्या एकाच कौन्सिलकडे, म्हणजे पालिकेकडे आलं. पुण्यात गावं आधी महापालिकेत घ्यायची आणि मग फुरसुंगी, उरुळी देवाची परत बाहेर काढायची, यावर जे लोक "असं फक्त आपल्याकडेच होऊ शकतं" म्हणतात त्यांनी इंग्लंडचे जुने-नवे नकाशे एकदा शेजारी ठेवून बघावेत.

आता मुद्द्यावर येतो. जुलै 2021 मध्ये स्लाव कौन्सिलच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याने सेक्शन 114 ची नोटीस काढली. इथे पालिकेचं कायद्याने दिवाळं निघत नाही, पण ही नोटीस म्हणजे त्याचाच सख्खा भाऊ, कायद्याने बंधनकारक आहे तेवढाच खर्च चालू आणि नवीन खर्च बंद. कर्ज 76 कोटी पाउंडांच्या आसपास. जागा, बिल्डिंगा घेण्यात पैसे घातलेले, त्यात कौन्सिलचं स्वतःचं चकाचक ऑफिसही आलं, ज्याला हर्शेलच्या आठवणीत ऑब्झर्व्हेटरी हाऊस नाव दिलंय! आणि 2018-19 चे हिशेब ऑडिटमध्येच अडकून पडलेले, म्हणजे तिजोरीत नक्की किती आहे हे कोणालाच धड माहीत नाही. हे सगळं निवडून आलेल्या लोकांच्या राज्यात झालं, त्यामुळे ग्रुपवरच्या पहिल्या पार्टीने इथपर्यंत वाचून टाळ्या वाजवल्या तर माझी हरकत नाही.

डिसेंबर 2021 ला केंद्र सरकारने कमिशनर, म्हणजे वरून नेमलेले देखरेखवाले, पाठवले. पैसा, कारभार, वरच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका, सगळ्यात त्यांचा शब्द शेवटचा आणि त्यांची फी पण कौन्सिलनेच भरायची. आधी 3 वर्षांची मुदत होती, ती नंतर वाढवली. पण नगरसेवक घरी गेले नाहीत. मीटिंगा चालू, बजेटवर मतदान चालू, शिव्या खाणं चालू.

2023 मध्ये तर गंमतच झाली. इथे काउन्सिल टॅक्स ठराविक टक्क्यांच्या वर न्यायचा तर आधी जनमत घ्यावं लागतं, पण स्लावला खास परवानगी मिळाली आणि त्या एप्रिलपासून टॅक्स 9.99 टक्क्यांनी वाढला. आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो, इथे घरात राहणारा भरतो, भाडेकरू असला तरी, त्यामुळे ही वाढ प्रत्येकाच्या खिशात थेट जाणवते. बिलं घरोघर पोचली आणि 4 मे ला निवडणूक. ठरलेल्या तारखेला. त्या दिवशी अख्ख्या इंग्लंडात कन्झर्वेटिव्ह पक्षाने हजारावर जागा घालवल्या, लेबरची हवा होती, आणि स्लावमध्ये बरोबर उलटं झालं, वर्षानुवर्षं सत्तेत असलेल्या लेबरचं बहुमत गेलं आणि कन्झर्वेटिव्ह लोक लिबरल डेमोक्रॅट्सच्या मदतीने सत्तेवर आले. देशाचा वारा एकीकडे आणि गावाचं मत दुसरीकडे. सगळं काही टॅक्समुळेच झालं असं नाही, पण गाव कोणी बुडवलं ते लोकांना माहीत होतं आणि हिशेब मागायला एक दिवस त्यांच्या हातात होता. कमिशनरांकडे तो हिशेब मागता येत नाही, त्यांना स्लावच्या माणसाने नेमलेलंच नाही.

पुण्यात, मुंबईत तो दिवस चार वर्षं आलाच नाही. आणि तिथे पालिका बुडाली होती म्हणून नाही हं, मुंबई महापालिकेच्या ठेवी तर हजारो कोटींच्या! ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचना कोणी करायची याची भांडणं, त्यात तारखांवर तारखा, शेवटी मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने दम भरला तेव्हा कुठे 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांचं मतदान झालं. आरक्षणाचा प्रश्न खोटा होता असं मी म्हणत नाही, पण मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं आपल्या घटनेत स्वच्छ लिहिलंय. इंग्लंडात लिखित घटनाच नाही. इथे एका साध्या आदेशाने काउंटी कौन्सिल गायब होते. 2025 ला शेजारच्या सरे काउंटीची निवडणूक पुनर्रचनेसाठी एक वर्ष पुढे ढकलली तर केवढा गदारोळ झाला, लोकशाहीचा खून वगैरे. एक वर्षासाठी!

"प्रशासक बरा होता" वाल्यांचं मला एक मात्र पटतं. आपल्या नगरसेवकाच्या हातात असतं तरी काय? स्लावचा महापौर पण शोभेचाच असतो, दर वर्षी बदलतो, पण खरी सत्ता कौन्सिलच्या लीडरकडे, म्हणजे नगरसेवकांनी निवडलेल्या नेत्याकडे असते आणि चीफ एक्झिक्युटिव्ह, म्हणजे इथला आयुक्त, हा कौन्सिलचा नोकर असतो. आपल्याकडे आयुक्ताला मंत्रालय पाठवतं, मंत्रालयच परत बोलावतं, आणि महापौराने नारळ फोडायचे. मग निवडणूक नसली तरी फरक पडत नाही असं लोकांना वाटलं तर दोष लोकांचा नाही. त्यात माणसांचं प्रमाण बघा, स्लावमध्ये 42 नगरसेवक, म्हणजे पावणेचार हजार लोकांमागे एक. पुण्यात 165, आणि 2011 ची जुनी लोकसंख्या धरली तरी एकाच्या वाट्याला एकवीस हजार, वर चार जणांचा प्रभाग, त्यामुळे खड्ड्यासाठी नक्की कोणाला फोन करायचा हा प्रश्न उरतोच. भांडायचं तर यावर भांडा, नगरसेवक हवेत की नकोत यावर काय भांडताय.

आणि इकडच्या मंडळींना थोडं सुनावतो. पुण्याच्या निकालावर रात्री दोन वाजेपर्यंत जागून कॉमेंट करणारे आमचे स्लावमधले अर्धेअधिक मित्र इथे मतदार म्हणून नाव नोंदवतच नाहीत, "आपण व्हिसावर आलोय, आपल्याला कुठे अधिकार" म्हणतात. आहे अधिकार. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयाला मत देता येतं, अगदी पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा. 2023 पासून मतदान केंद्रावर फोटो आयडी दाखवावा लागतो आणि त्यात आपला भारतीय पासपोर्ट चालतो. टॅक्स तर भरताच आहात. स्लावची पुढची निवडणूक मे 2027 ला आहे, नाव ऑनलाइन नोंदवायला पाच मिनिटं लागतात.