लोव्हॅटच्या सरदाराची निष्ठा, हसू आणि थडगे

स्कॉटलंडचा सरदार सायमन फ्रेझर, म्हणजे अकरावा लॉर्ड लोव्हॅट, याच्याविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्यात म्हटले आहे की हा ऐंशीच्या घरातला म्हातारा ब्रिटनच्या पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याशी जन्मभर एकनिष्ठ राहिला आणि कलोडनच्या रणांगणावर लढला. ९ एप्रिल १७४७ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर तो खदाखदा हसत असतानाच त्याचे मुंडके उडवले गेले आणि त्यावरून ‘डोके गळून पडेपर्यंत हसणे’ हा इंग्रजी वाक्प्रचार रूढ झाला. पुढे त्याच्या माणसांनी त्याचे धड गुपचूप मायदेशी नेऊन पुरले. यातली तारीख आणि जागा बरोबर आहे. उरलेल्या मजकुराचे तसे नाही.

सर्वांत मोठी चूक ‘एकनिष्ठ’ या शब्दात आहे. फ्रेझर घराण्याच्या जहागिरीवर हक्क सांगण्यासाठी याच गृहस्थाने १६९७ मध्ये आधीच्या लॉर्डच्या विधवेशी, अमेलिया मरेशी, बळजबरीने लग्न लावले. तिच्या किंकाळ्या बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून बॅगपाइप वाजवत ठेवल्याचे सांगतात. या प्रकरणामुळे परागंदा झाल्यावर तो फ्रान्समध्ये निर्वासित स्टुअर्ट दरबाराच्या आश्रयाला गेला आणि १७०३ मध्ये त्यांचा हस्तक म्हणून परत येऊन त्यांचीच गुपिते लंडन सरकारच्या बाजूच्या मंत्र्याला पुरवू लागला. १७१५ मध्ये स्टुअर्ट पक्षाने उठाव केला, तेव्हा तर तो उघडपणे गादीवरच्या राजा जॉर्जच्या बाजूने उभा राहिला; बंडखोर सैन्यात असलेले फ्रेझर कुळातले लोक त्याने माघारी बोलावले आणि इन्व्हर्नेस शहर सरकारला परत मिळवून देण्यास मदत केली. त्याबद्दल त्याला माफी मिळाली, आणि ज्या जहागिरीसाठी हा सारा खटाटोप चालला होता तीही हळूहळू पदरात पडली.

१७४५ च्या स्टुअर्ट पक्षाच्या उठावात त्याने दोन्ही डगरींवर हात ठेवला. मुलगा सायमन याला कुळाच्या तुकडीसह स्टुअर्ट राजपुत्र चार्ल्स एडवर्डकडे धाडायचे आणि त्याच वेळी सरकारपक्षाच्या डंकन फोर्ब्स यांना पत्रे लिहून ‘पोरगा माझे ऐकत नाही’ अशी रड लावायची, असा हा बेत होता. पुढे राजद्रोहाच्या खटल्यात मुलावर ढकललेली ही जबाबदारी त्याला वाचवू शकली नाही, कारण राजपुत्राचा चिटणीस मरे ऑफ ब्रॉटन हाच माफीचा साक्षीदार झाला होता. लोव्हॅटची निष्ठा होती ती लोव्हॅटच्या जमिनीवर आणि किताबावर. एवढे मान्य केले की त्याचे सगळे वागणे सुसंगत दिसू लागते.

कलोडनविषयी फार लिहिण्याची गरज नाही. १६ एप्रिल १७४६ रोजी फ्रेझर कुळाचे लोक तिथे लढले आणि मेले, पण म्हातारा स्वतः तिथे नव्हता. पराभवानंतर पळणारा राजपुत्र त्या संध्याकाळी गोर्थलेक येथे त्याला भेटला. पुढे मोरार सरोवरातल्या बेटावर तो पकडला गेला. लंडनला नेताना वाटेत सेंट ऑल्बन्स येथे चित्रकार होगार्थने त्याचे चित्र काढले. त्यात हा स्थूल म्हातारा खुर्चीत बसून कोणकोणती कुळे उठावात होती ते बोटांवर मोजतो आहे.

आता त्या हसण्याचे पाहू. वधस्तंभाजवळ प्रेक्षकांसाठी उभारलेला एक लाकडी मंच कोसळला आणि सुमारे वीस माणसे मेली, हे खरे आहे. त्यावर तो काही खवचट बोलला असेही सांगतात. परंतु त्यानंतर बराच काळ गेला. तत्कालीन वृत्तांतांनुसार त्याने कुऱ्हाडीच्या धारेवरून बोट फिरवून पाहिले, जल्लादाला पैशांची थैली दिली, मातृभूमीसाठी मरणे गोड असते ही रोमन कवी होरेसची लॅटिन ओळ म्हटली आणि प्रार्थना केली. हसता हसता मान तुटली हे दृश्य या क्रमात बसत नाही. शिवाय अमुक गोष्ट ‘डोके जाईपर्यंत’ करण्याचे वाक्प्रचार इंग्रजीत खाणे, बोलणे, ओरडणे अशा अनेक क्रियांबरोबर आहेत. आपण ‘पोट धरून हसलो’ म्हणतो तेव्हा ते पोट इतिहासातल्या कोणाचे, हे शोधायला जात नाही.

ब्रिटनमध्ये कुऱ्हाडीने शिरच्छेद झालेला तो शेवटचा माणूस होता, ही त्या मजकुरात जोडलेली ओळ मात्र बरोबर आहे. फाशीनंतर मृतदेहाचे मुंडके तोडण्याची प्रथा पुढेही चालली, तो वेगळा विषय आहे.

राहता राहिले थडगे. त्याला मायदेशी पुरण्याची परवानगी आधी मिळाली होती, पण नंतर ती रद्द झाली आणि लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या सेंट पीटर प्रार्थनागृहाच्या फरशीखाली त्याला पुरण्यात आले. तरीही इन्व्हर्नेसजवळ वॉर्डलॉ येथील कुळाच्या समाधिगृहात शिशाच्या शवपेटीतले मुंडके नसलेले अवशेष दाखवून हाच तो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. अखेर न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञ सू ब्लॅक यांच्या पथकाने ती हाडे तपासली आणि जानेवारी २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर केला, की ती ऐंशीच्या घरातल्या पुरुषाची नसून एका तरुण स्त्रीची आहेत. ती कोण होती याचा उल्लेख त्या फिरत्या मजकुरात कुठेच नाही.