सक्तीच्या लष्करी सेवेचं कौतुक करण्याआधी

दर काही महिन्यांनी फेसबुकवर कुणीतरी लिहितंच: अठरा वर्षांच्या प्रत्येक पोराला दोन वर्षं सक्तीनं लष्करात पाठवा, शिस्त लागेल, मोबाइल सुटेल, जातपात विसरतील. खाली लगेच 'अगदी मनातलं बोललात'ची रांग लागते. हा प्रयोग एका अवाढव्य देशानं पिढ्यान्पिढ्या करून पाहिलाय आणि त्यातून गेलेल्या माणसांनी तो लिहूनही ठेवलाय. सोव्हिएत सैन्यात सक्तीची सेवा केलेल्या शिपायांच्या आठवणी मी गेली काही वर्षं मिळतील तशा वाचतोय. त्यावरून माझं ठाम मत झालंय की असल्या सक्तीतून पोरं सगळ्यात आधी शिकतात ते आपल्याहून दुबळ्याला दाबायला.

सोव्हिएत सैन्य म्हटलं की आपल्याला स्टालिनग्राड आठवतं. अण्णाभाऊंनी पोवाडा रचावा अशीच ती लढाई होती आणि त्या सैनिकांबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी नाही. मी बोलतोय ते नंतरच्या, शांततेच्या काळातल्या बराकींबद्दल.

1967 साली तिथं कायदा बदलला. भूदलातली सेवा तीन वर्षांवरून दोनवर आली, नौदलातली चारवरून तीनवर, आणि भरती वर्षातून दोनदा होऊ लागली, वसंतात आणि शरदात. म्हणजे कुठल्याही बराकीत कुठल्याही दिवशी सहा-सहा महिन्यांच्या अंतरानं आलेल्या चार तुकड्या एकत्र. अगदी नवा तो 'दूख', मधला 'चेर्पाक', आणि ज्याची सुटका जवळ आली तो 'द्येद', म्हणजे आजोबा. नावं पलटणीगणिक बदलायची, उतरंड तीच. आपल्याकडचा हवालदार वर्षानुवर्षं नोकरीत मुरलेला असतो. तिथला सार्जंट मात्र बहुतेक वेळा त्या पोरांतलाच एक, सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आलेला. अधिकारी संध्याकाळी घरी जायचे. मग रात्री बराक द्येदांची. अनेक अधिकाऱ्यांना ते चालायचं, कारण काम बिनबोभाट व्हायचं.

ते दिवस कसे असायचे? पायमोजे नसायचे. पोर्त्यांकी नावाचं लांबट फडकं पायाला गुंडाळायचं आणि वर नकली चामड्याचे उंच बूट चढवायचे. फडक्याला एक चुणी राहिली की धावताना टाचेचं सालडं निघालंच. हे गुंडाळणं नवख्याला शिकावं लागायचं ते 45 सेकंदांच्या आत: हाक आली की पलंगावरून उडी, विजार, डगला, पट्टा, फडकी, बूट, आणि रांगेत ताठ. एक जण जरी मागे राहिला तरी सगळ्यांनी पुन्हा कपडे उतरवून पलंगावर जायचं आणि पुन्हा उठायचं. असं दहा वेळा झालं की त्या मागे राहिलेल्या पोराकडे बाकीचे कसे बघत असतील? सार्जंटला हात उगारायची गरजच पडत नाही, त्याचं काम इतर पोरं करतात. कॉलरीला आतून पांढऱ्या कापडाची पट्टी रोज नव्यानं टाचायची असायची. नवखा दिवसभर राबून आधी द्येदची पट्टी शिवायचा, मग स्वतःची. महिन्याचा पगार 3 रूबल 80 कोपेक, आणि त्यातूनही द्येदच्या सिगारेटी.

सुटकेचा हुकूम संरक्षणमंत्र्यांच्या सहीनं मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस वर्तमानपत्रात छापून यायचा. त्याआधीचे शंभर दिवस म्हणजे बराकीतला सणच. त्या दिवसांत द्येद आपल्या वाट्याची लोण्याची चकती खायचा नाही, ती नवख्याला द्यायचा. रात्री दिवे मालवले की एखाद्या नवख्याला स्टुलावर उभं करून 'हुकमाला अजून इतके दिवस' असं यमक जुळवून म्हणायला लावायचे. एका तुकडीतून वरच्या तुकडीत जाताना ढुंगणावर पट्ट्याचे फटके बसायचे, जितके महिने सेवा झाली तितके. ज्याच्या हातून लोणी घ्यायचं त्याच्याच हातून पितळी बकलाचा मार खायचा. आठवणी लिहिणारे लोण्याबद्दल आजही कृतज्ञतेनं लिहितात, हे वाचताना मला फार अस्वस्थ व्हायला होतं.

या आठवणी वाचताना आणखी एक गोष्ट सारखी जाणवते. पहिलं वर्ष पानंच्या पानं: कोण कसं मारायचं, रात्री संडास कुणी घासले, आईला पत्रात काय खोटं लिहिलं. दुसरं वर्ष मात्र दोन-चार परिच्छेदांत उरकतं. 'मग आम्हीही जुने झालो', आणि पुढच्या ओळीत गडी घरच्या गाडीत बसलेला. त्या वर्षात त्यानं कुणाकडून पट्टी शिवून घेतली? कुणाला स्टुलावर उभं केलं? हे लिहिणारे थोडे आहेत, आणि मला तेच खरे शूर वाटतात.

सेर्गेई दोव्लातोव त्यांतला एक. 1967 च्या आधीचा, 1962 ते 65 या काळातला. त्याची सक्तीची सेवा कोमी प्रदेशातल्या कैद्यांच्या छावण्यांवर पहारा देण्यात गेली. त्यावरचं 'झोना' हे पुस्तक 1982 मध्ये अमेरिकेत निघालं, मायदेशात ते छापणं शक्यच नव्हतं. कथा म्हणून लिहिलेलं, पण अनुभव त्याचा स्वतःचा. पहारेकरी आणि कैदी यांची भाषा तीच, गाणी तीच, आणि जागा अदलाबदल केल्या तरी फारसं काही बिघडणार नाही, असं तो निःसंकोच सांगतो. स्वतःला त्यातून वगळत नाही. वाचायचं तर इथून सुरू करा.

गोड आठवणीही खूप आहेत आणि त्या खोट्या नाहीत. खेड्यातून कधी बाहेर न पडलेला पोरगा ट्रक चालवायला शिकला, हजारो किलोमीटर दूरचा समुद्र पाहिला, आयुष्यभराचा दोस्त मिळवला. पण या सगळ्यासाठी बकलाचा मार खावा लागतो असं कुणी म्हणत असेल, तर मला ते मान्य नाही. आणि जातपात विसरण्याचं म्हणाल, तर तिथल्या बराकींत मध्य आशियातले, कॉकेशसमधले, बाल्टिकमधले पोरगे आपापल्या गावकऱ्यांची टोळी करून जगायचे. रशियन धड न येणाऱ्या कितीतरी पोरांच्या हाती बांधकामाच्या पलटणीत बंदुकीऐवजी फावडं यायचं.

सरकारनं हे वर्षानुवर्षं दाबलं. युरी पोल्याकोवनं त्या शंभर दिवसांवरची कादंबरिका 1980 मध्ये लिहिली, ती 'यूनोस्त' मासिकात छापून यायला 1987 उजाडलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत, कैद्यांच्या रेल्वेडब्यावर पहारा देणाऱ्या एका लिथुआनियन शिपायानं छळाला कंटाळून डब्यातल्या आठ जणांना गोळ्या घातल्या. 1989 मध्ये शिपायांच्या आयांनी स्वतःची समिती काढली आणि सेनापतींना जाहीरपणे जाब विचारायला सुरुवात केली.

आपलं सैन्य स्वेच्छेनं भरती होणाऱ्यांचं आहे. अपशिंग्याचा, कोल्हापूरचा पोरगा भरतीसाठी पहाटे चारला उठून रस्त्यावर धावतो, कारण त्याला जायचंय. त्याच्या शेजारच्या पलंगावर, ज्याला यायचंच नव्हतं आणि जो फक्त सुटकेचे दिवस मोजतोय असा मुलगा आणून झोपवला, तर तो त्या मुलावर अन्याय आहेच, पण धावणाऱ्या पोरावरही आहे.