सगळ्या ओळी त्याच्या

आज सकाळी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची व्हायवा झाली. ज्या माणसाने अख्ख्या सेमिस्टरमध्ये ग्रुपवर अंगठ्याच्या इमोजीपलीकडे काही टाकलं नव्हतं, त्यानेच आमचा प्रोजेक्ट लिहिलाय असं तिथे पुराव्यानिशी सिद्ध झालं. पुरावा म्हणजे गिट, कोडमध्ये कोणी काय बदललं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर.

टीम पाच जणांची. ती कशी पडली, लीडर कोण झालं, पहिल्या मीटिंगला किती जण आले हे ज्याने हा विषय घेतलाय त्याला सांगायला नको. सरळ व्हायवावर येतो.

सरांनी लॅपटॉप ओढून घेतला आणि गिट ब्लेम लावलं, म्हणजे कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दिसतं. लॉगिनची फाइल, नाव याचं. डेटाबेसची फाइल, नाव याचं. रिपोर्टची फाइल मी तीन रात्री जागून लिहिलेली, त्यातही वरपासून खालपर्यंत हाच.

"हे सगळं तू केलंस?"

"सर, ॲक्च्युअली कोड फार मेसी होता," हा अगदी नम्रपणे म्हणाला. "मी फक्त शिस्त लावली."

"एकट्याने?"

"हो सर. एका रात्रीत." वर म्हणे, "टीमला त्रास नको म्हणून कुणाला सांगितलं नाही."

तर झालं होतं असं, की या गृहस्थाने एडिटरमधलं एक बटण दाबून अख्ख्या प्रोजेक्टमधले ओळींच्या सुरुवातीचे टॅब काढून त्याजागी चार-चार स्पेस घातल्या होत्या. बस्स. गिटच्या हिशेबी 6,140 ओळी काढल्या, त्याच 6,140 ओळी परत घातल्या, आणि पहाटे पावणेदोनला कमिट, म्हणजे बदलांची नोंद, टाकलं, मेसेज "मेजर इम्प्रूव्हमेंट्स". माझी ब्रँच, म्हणजे कोडची माझी वेगळी प्रत, टॅबवाली, त्यामुळे सकाळी दोन्ही मर्ज करायला, म्हणजे जोडायला, गेलो तर 38 फायलींत कॉन्फ्लिक्ट, कुठली ओळ ठेवायची ते गिटला कळेना, आणि दोन्ही बाजूंना डोळ्यांना अगदी एकसारखा दिसणारा कोड. तुम्ही कधी दोन सारख्या ओळींमधून बरोबर ओळ निवडलीय का? मी दिवसभर तेच करत होतो.

सर त्याला म्हणाले, "याला म्हणतात ओनरशिप." मग माझ्याकडे वळून (गिटमध्ये घातलेली ओळ हिरवी दिसते, काढलेली लाल), "तुझं एवढं लाल का दिसतंय? 1,900 ओळी डिलीट? काम करताना चुका फार होतात का?"

आता काय सांगू. तारीख तपासायचं एकच फंक्शन चार फायलींत चार जणांनी चिकटवलेलं होतं, त्यातल्या एकाला 30 फेब्रुवारी चालत होती. असलं सगळं मी काढलं, एकेक ठेवलं. हेच सर मेट्रिक्सच्या चॅप्टरला फळ्यावर लिहून सांगत होते की ओळी मोजून कामाचं माप होत नाही, मी ते वहीत दोनदा अंडरलाइन केलंय. पेपरात ते उत्तर लिहिलं की मार्क मिळतात, व्हायवात तसं वागलं की कापले जातात.

रिंगेलमन नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर होता, त्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली आणि 1913 मध्ये छापलं की माणसं वाढली की दर माणशी जोर कमी होतो. त्याला निदान ओढणारे तरी मिळाले. आमच्याकडे एक दोर ओढतोय, दोघं दोराचे फोटो काढतायत, चौथीची घरची अडचण खरी होती म्हणून तिला काही म्हणत नाही, आणि पाचवा दोराला रंग देऊन तो आपण वळला असं सांगतोय. लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये गिट बनवलं ते लिनक्सच्या कर्नलसाठी, जगभरात विखुरलेल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांना एकत्र काम करता यावं म्हणून. आम्ही एकाच बाकावर बसतो.

सगळ्यात राग कशाचा, तर हा मुलगा वाईट नाही. बाहेर आल्यावर खांद्यावर हात ठेवून अगदी मनापासून म्हणाला, "टेन्शन नको घेऊस रे, मी सरांना सांगितलंय, तू पण मदत केलीस म्हणून." आणि मी, काय सांगू, थँक्स म्हणालो.

घरी येऊन चप्पल काढताना आठवलं की ब्लेमला डॅश डब्ल्यू लावलं की नुसत्या स्पेसचे बदल धरलेच जात नाहीत. सरांसमोर दोन अक्षरं टाइप केली असती तर काम झालं असतं. आता लावून पाहिलं. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये त्याच्या नावावर उरली एक ओळ, प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या रीडमी फाइलमधली, टीम मेंबर्सच्या नावांची. त्याचं नाव पहिलं, माझं शेवटचं, आणि त्यातलंही एक अक्षर खाल्लेलं.

ते दुरुस्त करून पुश केलं. एक ओळ हिरवी, एक लाल.